स्वस्तातला छोटा लॅपटॉप कसा पारखावा

१५ ते ३० हजार रुपयांच्या दरम्यान मिळणारा, ११ ते १४ इंची पडद्याचा लॅपटॉप रोजच्या कामाला पुरेल की नाही, याचे सरसकट उत्तर देता येत नाही. कारण या किमतीत यंत्र देताना कंपनीने कुठेतरी हात आखडता घेतलेला असतोच, आणि तो नेमका कुठे घेतला आहे हे खोक्यावरच्या ठळक अक्षरांत लिहिलेले नसते. कोणी पडद्यात काटकसर करतो, कोणी मेमरीत (म्हणजे चालू कामे हाताळणाऱ्या रॅममध्ये), कोणी बॅटरीत. पहिल्यांदाच लॅपटॉप घेणाऱ्याने म्हणून एक क्रम पाळावा: जे भाग नंतर बदलता येत नाहीत ते आधी आणि बारकाईने पाहावेत, आणि जे बदलता किंवा बाहेरून जोडता येतात त्यांच्यावर दुकानात फार वेळ घालवू नये. विक्रेत्याचे बोलणे बहुधा नेमके उलट क्रमाने चालते. बॅग मोफत, माउस मोफत, अँटिव्हायरस मोफत इथून सुरुवात होते आणि मेमरी बोर्डावरच सोल्डर केलेली आहे, ती कधीही वाढवता येणार नाही, हा विषय पैसे देईपर्यंत निघतच नाही.

घरून निघण्यापूर्वी

दुकानाची पायरी चढण्याआधी या यंत्रावर कोणकोणती कामे होणार आहेत ते कागदावर लिहून काढावे. 'मुलांच्या अभ्यासाला' एवढे लिहून भागत नाही. प्रवेशाचे ऑनलाइन अर्ज भरणे, व्हिडिओवरचे वर्ग, बँकेचे व्यवहार, सोसायटीचा हिशेब, मराठीत पत्रे आणि इतिवृत्ते टंकणे, अशी कामे सुटी सुटी मांडावीत आणि प्रत्येकासमोर ते ब्राउझरमध्ये होते की त्यासाठी वेगळे सॉफ्टवेअर लागते, हे नोंदवावे. घेण्याचा निर्णय बराचसा या दुसऱ्या रकान्यावर ठरतो.

सगळीच कामे ब्राउझरमध्ये होणारी असतील, तर क्रोमबुकचा, म्हणजे गूगलच्या क्रोमओएस या प्रणालीवर चालणाऱ्या लॅपटॉपचा विचार अवश्य करावा, कारण कमी ताकदीच्या यंत्रावर क्रोमओएस विंडोजपेक्षा हलकी चालते. मात्र टॅलीवर हिशेब ठेवणारा छोटा व्यापारी, जुन्या फाइलींसाठी श्रीलिपी वापरणारा मुद्रणालयातला माणूस किंवा यूएसबी टोकनवरच्या डिजिटल स्वाक्षरीने कागदपत्रे दाखल करणारा सल्लागार यांनी क्रोमबुकच्या वाटेला जाऊ नये; त्यांना विंडोजच घ्यावे लागेल. क्रोमबुक घ्यायचेच ठरले, तर त्या मॉडेलला आपोआप अद्ययावत होण्याची मुदत कोणत्या वर्षापर्यंत आहे, ते आधी पाहावे. गूगलने २०२३ मध्ये ही मुदत १० वर्षांपर्यंत वाढवली असली, तरी ती मोजली जाते मॉडेल ज्या हार्डवेअरवर आधारले आहे ते बाजारात आल्यापासून, आपण विकत घेतल्यापासून नव्हे. सवलतीत लावलेल्या जुन्या मालात त्यातली काही वर्षे आधीच सरलेली असू शकतात.

मेमरी आणि साठवण

स्वस्त लॅपटॉपची खरी गोम इथे असते, म्हणून या भागावर सर्वांत जास्त वेळ द्यावा. विंडोज ११ साठी मायक्रोसॉफ्टने सांगितलेली किमान गरज ४ जीबी मेमरी आणि ६४ जीबी साठवण अशी आहे, आणि बाजारातली सर्वांत स्वस्त यंत्रे बरोबर या रेघेवर उभी असतात. हे किमान म्हणजे लोकलमधली चौथी सीट आहे: बसायला मिळाले असे म्हणता येते, पण पुढच्या स्टेशनापर्यंत पाय कुठे ठेवायचे ते कळत नाही. विंडोज सुरू होते, एखादे पान उघडते, आणि व्हिडिओचा वर्ग चालू असताना शेजारी पीडीएफ उघडली, की सगळे अडखळू लागते. रोजच्या वापराच्या विंडोज लॅपटॉपसाठी ८ जीबी मेमरी हीच माझ्या मते खालची मर्यादा समजावी. बजेट त्यात बसत नसेल, तर ४ जीबीचे नवे यंत्र घेण्यापेक्षा ८ जीबीचे वापरलेले यंत्र पाहावे. त्याविषयी पुढे लिहिले आहे.

दुकानातल्या नमुन्यावर हे तपासण्याची सोपी रीत आहे. कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप ही तीन बटणे एकत्र दाबली, की टास्क मॅनेजर उघडतो. त्यातल्या परफॉर्मन्स विभागात मेमरीवर क्लिक करावे. काहीही उघडलेले नसताना किती मेमरी वापरात आहे, ते पाहावे. ४ जीबीच्या यंत्रावर निम्म्याहून अधिक जागा विंडोजनेच व्यापलेली दिसेल. त्याच पानावर खाली फॉर्म फॅक्टर असे लिहिलेले असते. तिथे 'रो ऑफ चिप्स' असे दिसले, तर मेमरी बोर्डावर सोल्डर केलेली आहे. 'सोडिम' असे असेल, तर ती काढता-घालता येणारी आहे आणि त्याशेजारीच किती खाचा वापरात आहेत, तेही कळते. विक्रेता 'नंतर वाढवता येईल हो' म्हणत असेल, तर ही ओळ त्याला दाखवावी.

साठवणीबाबत आकड्याइतकाच प्रकार महत्त्वाचा आहे. ६४ आणि १२८ जीबीच्या स्वस्त यंत्रांत बहुतेक वेळा ईएमएमसी असते, म्हणजे साध्या मोबाइलमध्ये असते तशी, बोर्डाला जोडलेली चिप. २५६ जीबी आणि त्यावरच्या यंत्रांत सहसा एसएसडी, म्हणजे त्याहून वेगवान साठवण मिळते. ईएमएमसीचा वेग सेकंदाला फार तर ४०० एमबीच्या घरात जातो, साध्या साटा एसएसडीचा ५५० च्या आसपास आणि एनव्हीएमई एसएसडीचा त्याच्या कितीतरी पट. मात्र खरा फरक जाणवतो तो असंख्य लहान फाइली एकाच वेळी वाचण्या-लिहिण्यात, म्हणजे यंत्र सुरू होताना आणि विंडोज अद्ययावत होत असताना. शिवाय ६४ जीबी हा आकडाही कागदावरचा आहे. कंपनी दशमान पद्धतीने मोजते आणि विंडोज द्विमान पद्धतीने, त्यामुळे पडद्यावर सुमारे ५९ जीबीच दिसतात; त्यातून विंडोज आणि तिच्या राखीव फाइली वजा केल्या, की हाती निम्मेसुद्धा उरणे कठीण. वर्षातून एकदा येणारी मोठी सुधारणा उतरवून घ्यायलाच जागा नाही, अशी पाळी याच यंत्रांवर येते, आणि मग मालक फोटो खोडत बसतो. मेमरी कार्डाने फोटो आणि चित्रफितींची सोय होते, पण विंडोजची अडचण सुटत नाही.

याच किमतीतल्या काही यंत्रांवर विंडोज 'एस मोड'मध्ये दिलेली असते, म्हणजे मायक्रोसॉफ्ट स्टोअरबाहेरचे कोणतेही सॉफ्टवेअर त्यावर बसत नाही. तो मोड स्टोअरमधूनच पैसे न भरता बंद करता येतो, मात्र एकदा बंद केल्यावर पुन्हा लावता येत नाही. टॅली बसत नाही म्हणून लॅपटॉप परत करायला निघण्याआधी एवढे पाहून घ्यावे.

प्रोसेसर

यावर दुकानात सर्वांत जास्त बोलले जाते आणि या किमतीत निवड सर्वांत कमी असते. नुसते 'इंटेल' किंवा 'एएमडी' हे नाव पुरेसे नाही. पूर्ण क्रमांक वाचावा. सेलेरॉन एन४०२० हा २०१९ चा, दोन कोअरचा (म्हणजे काम करणारे दोनच गाभे असलेला) प्रोसेसर आहे आणि आज तो नव्या यंत्रात दिसला, तर ते यंत्र सोडून द्यावे. २०२३ च्या सुरुवातीला आलेला चार कोअरचा इंटेल एन१०० किंवा एएमडीचा रायझेन ३ ७३२०यू कागदपत्रे, ब्राउझर आणि व्हिडिओच्या वर्गांना व्यवस्थित पुरतो. इंटेलने २०२३ पासून लॅपटॉपसाठी सेलेरॉन आणि पेंटियम ही नावे वापरणे थांबवले, त्यामुळे खोक्यावर ती दिसली, तर जुन्या रचनेचा माल आहे असे समजायला हरकत नाही. चित्रफितींचे संपादन आणि मोठे गेम यांची अपेक्षा यांपैकी कोणाकडूनही करू नये.

पडदा आणि कळफलक

हे दोन्ही भाग रोज डोळ्यांसमोर आणि बोटांखाली असतात आणि बदलणे जवळजवळ अशक्य असते, तरी खरेदीच्या वेळी यांच्याकडेच सर्वाधिक दुर्लक्ष होते.

पडद्याचे रिझोल्यूशन आकाराबरोबर वाचावे. १३६६ बाय ७६८ हा आकडा ११.६ इंची पडद्यावर चालून जातो, कारण तिथे इंचामागे सुमारे १३५ ठिपके बसतात. तोच आकडा १४ इंचांवर पसरला, की ठिपके ११२ वर येतात आणि अक्षरांच्या कडा फुटलेल्या दिसू लागतात. १४ इंचांत १९२० बाय १०८० पेक्षा कमी घेऊ नये. देवनागरीला तर हे अधिकच लागू पडते. दुकानातच वर्ड किंवा नोटपॅड उघडून 'राष्ट्रीय', 'सूक्ष्म', 'उद्ध्वस्त' असे शब्द लहान आकारात टंकावेत आणि जोडाक्षरांतल्या खालच्या भागाचा काळा गोळा होतो का, ते पाहावे. त्यानंतर पडद्यावर एखादे छायाचित्र ठेवून लॅपटॉपचे झाकण हळूहळू मागेपुढे करावे. रंग उलटेपालटे होत असतील, तर तो टीएन प्रकारचा पडदा आहे. आयपीएस पडद्यात रंग बऱ्यापैकी तसेच राहतात. दोन भावंडे एकाच लॅपटॉपसमोर बसणार असतील, तर कडेला बसलेल्याला काय दिसते, हेही बाजूला उभे राहून पाहावे. उजेडाचा आकडा निट्समध्ये दिलेला असतो आणि या किमतीत तो २२० ते २५० च्या आसपास असतो. दुकानातल्या दिव्यांत तो पुरेसा वाटतो, पण गॅलरीत किंवा खिडकीशेजारी तोच पडदा मळकट दिसतो. शक्य असल्यास नमुना दाराजवळच्या उजेडात न्यायला सांगावे. दुकानदार कुरकुरतात, पण नेऊ देतात.

कळफलकाची परीक्षा मराठीतच करावी, आणि हा सल्ला भाषाप्रेमापोटी नव्हे, तर व्यवहाराच्या दृष्टीने आहे. इनस्क्रिप्ट या भारतीय लिप्यांसाठीच्या प्रमाण कळफलक-पद्धतीत च, ट, ड आणि य ही सतत लागणारी अक्षरे उजव्या टोकाच्या बटणांवर, म्हणजे अर्धविराम, अवतरणचिन्ह, चौकटी कंस आणि तिरप्या रेघेच्या जागी येतात, आणि 'ऑफिस', 'डॉक्टर' यांसारख्या शब्दांतली अर्धचंद्राची मात्रा त्याहून पलीकडच्या उलट्या तिरप्या रेघेवर असते. ११ इंची लॅपटॉपमध्ये जागा वाचवण्यासाठी कंपन्या नेमकी हीच बटणे अरुंद करतात, कारण इंग्रजी टंकणाऱ्याला ती क्वचितच लागतात. विंडोजमध्ये मराठी कळफलक आधीच असतो. सेटिंग्जमध्ये भाषेच्या विभागातून तो जोडावा, विंडोज आणि स्पेसबार एकत्र दाबून बदलावा आणि 'डॉक्टरांच्या चिठ्ठीचा' हे दोन शब्द न पाहता चार-पाच वेळा टंकावेत. करंगळी दर वेळी एंटरवर जाऊन आदळत असेल, तर या यंत्रावर संगणक टंकलेखनाच्या परीक्षेचा सराव करण्याचा विचार सोडावा. बाहेरून कळफलक जोडता येतो हे खरे, पण मग लॅपटॉप छोटा घेण्यात हशील काय? फोनेटिक पद्धतीने, म्हणजे उच्चारानुसार इंग्रजी अक्षरे दाबून टंकणाऱ्यांना ही अडचण कमी जाणवते; त्यांनी बटणे दाबताना मधला पत्रा खाली दबतो का आणि स्पर्शपटलाचे क्लिक कोपऱ्यातही नीट होते का, एवढे पाहिले तरी पुरे.

बॅटरी, वजन आणि मुंबईची हवा

'दहा तास चालते' या वाक्याला फारसा अर्थ नाही. बॅटरीची क्षमता वॉट-अवरमध्ये पाहावी आणि साधा भागाकार करावा: ३८ वॉट-अवरची बॅटरी असेल आणि ब्राउझर व वाय-फाय चालू असताना यंत्र सुमारे ७ वॉट खात असेल, तर साडेपाच तासांच्या आसपास हिशेब बसतो. मुंबईत घरची वीज सहसा जात नाही, त्यामुळे घरातच राहणाऱ्या लॅपटॉपसाठी मोठ्या बॅटरीचे पैसे मोजण्याची गरज नाही. पण महाविद्यालयात, अभ्यासिकेत किंवा साइटवर घेऊन जायचा असेल, तर हा आकडा महत्त्वाचा ठरतो.

चार्जर टाइप-सीचा असेल, तर मोठी सोय होते, कारण हरवला तरी दुसरा सहज मिळतो. मात्र टाइप-सीची खाच आहे म्हणजे त्यातून चार्जिंग होतेच असे नाही. तपशिलांत पॉवर डिलिव्हरी असा स्पष्ट उल्लेख पाहावा. ज्यांच्या घरी जुन्या चाळीतली, अर्थिंग नसलेली वायरिंग आहे, त्यांना धातूच्या लॅपटॉपवर हात ठेवल्यावर बारीक झिणझिण्या जाणवू शकतात. तिथे यंत्र बदलून देण्याचा आग्रह धरण्याआधी इलेक्ट्रिशियनकडून प्लगचे अर्थिंग तपासून घ्यावे.

वजन चार्जरसकट मोजावे. ११ इंची यंत्र साधारण एक ते सव्वा किलो आणि १४ इंची दीड किलोच्या आसपास भरते. विरारहून किंवा बदलापूरहून रोज गर्दीच्या वेळी बॅग पुढे छातीशी धरून प्रवास करणाऱ्याला हा पाव-अर्ध्या किलोचा फरक कळतोच, शिवाय त्या गर्दीत झाकणावर येणारा दाबही ध्यानात घ्यावा लागतो. मिटलेल्या झाकणाच्या मधोमध अंगठ्याने हलकेच दाबून पाहावे. ते लगेच आत जात असेल, तर अशा प्रवासासाठी टणक कव्हर अनिवार्य समजावे.

एन१०० सारख्या प्रोसेसरवरच्या बऱ्याच छोट्या यंत्रांत पंखा नसतो. मे महिन्यात ती गरम होतात आणि थोडी संथही होतात, पण पंख्यावाटे दमट, धुळकट हवा आत ओढली जात नाही, हा मुंबईत मोठाच फायदा आहे. समुद्राजवळ राहणाऱ्यांनी तर पंखा नसणे ही कमतरता मानूच नये. पावसाळ्यात बॅग भिजून पाणी आत गेलेच, तर लॅपटॉप ताबडतोब बंद करावा, चार्जर लावू नये आणि 'चालतो का बघू' म्हणून पुन्हा सुरू करू नये. पाण्याने झालेली हानी नेहमीच्या वॉरंटीत बसत नाही. त्यासाठी अपघाती नुकसानाची वेगळी योजना असते, आणि जूनच्या तोंडावर खरेदी करणाऱ्याने तिची किंमत विचारून ठेवावी.

दुकानात

ग्रँट रोड स्टेशनच्या पूर्वेला लॅमिंग्टन रोड, म्हणजे कागदोपत्री डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग, हा संगणकाच्या सामानाचा जुना बाजार आहे. तिथे भावात घासाघीस होते, मेमरी आणि एसएसडी समोर बसवून मिळते. मोठ्या साखळी दुकानांत नमुने हाताळायला जास्त मोकळीक असते. दोन्हीकडे जावे, आणि कुठेही गेले तरी मॉडेलचा पूर्ण क्रमांक मोबाइलमध्ये टिपून घ्यावा, कारण एकाच नावाखाली ४ जीबी आणि ८ जीबी, ईएमएमसी आणि एसएसडी अशी वेगवेगळी यंत्रे विकली जातात आणि फरक क्रमांकाच्या शेवटच्या दोन-चार अक्षरांत असतो.

पैसे देण्यापूर्वी सीलबंद खोके समोर उघडायला लावावे. यंत्राच्या तळाचा अनुक्रमांक, खोक्यावरचा अनुक्रमांक आणि बिलावरचा अनुक्रमांक हे तिन्ही जुळले पाहिजेत. लॅपटॉपवर आणि चार्जरवरही भारतीय मानक ब्युरोचे चिन्ह आणि 'आर' ने सुरू होणारा नोंदणी क्रमांक असावा. 'बीआयएस केअर' या ॲपमध्ये तो घालून पाहता येतो. बिल जीएसटीसह पक्केच घ्यावे. बिलाशिवाय हजार-पाचशे कमी करण्याची तयारी दाखवली जाते, पण तसे केल्यास वॉरंटीचा वाद उद्भवल्यावर आपल्या हाती काहीच उरत नाही. बिल असेल, तर १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार तरी नोंदवता येते. ऑफिस मोफत असल्याचे सांगितले, तर ते कायमचे आहे की वर्षभराची वर्गणी, ते बिलावर लिहून मागावे. साध्या पत्रांना आणि तक्त्यांना मोफत मिळणारे लिब्रेऑफिस पुरते, आणि ते मराठीतही वापरता येते.

वापरलेले यंत्र

मोठ्या कंपन्यांनी चार-पाच वर्षे वापरून काढून टाकलेले थिंकपॅड, लॅटिट्यूड किंवा एलिटबुक या कार्यालयीन मालिकांतले लॅपटॉप हे या बजेटमधले माझे आवडते उत्तर आहे. ते जड असतात, पण कळफलक उत्तम, बिजागरी मजबूत आणि बहुतेकांत मेमरी व एसएसडी बदलता येणारी. विंडोज १० चा नियमित आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला असल्यामुळे विंडोज ११ अधिकृतपणे चालणारेच यंत्र घ्यावे; इंटेलच्या बाबतीत याचा अर्थ साधारणपणे आठवी पिढी किंवा पुढची. आय५-८२५०यू हा आठव्या पिढीचा प्रोसेसर चालेल, सातव्या पिढीचा आय५-७२००यू चालणार नाही, मग दुकानदाराने त्यावर विंडोज ११ कशीही बसवून दाखवलेली असो.

दोन गोष्टी मात्र समोर करून घ्याव्यात. पहिली, यंत्र पूर्ण रीसेट करून वाय-फायला जोडायला लावावे. सुरुवातीच्याच पडद्यावर एखाद्या कंपनीचे नाव येऊन तिच्या खात्याचा पासवर्ड मागितला, तर ते यंत्र अजून त्या कंपनीच्या नोंदीत आहे आणि ते घेऊ नये. बायॉसमध्ये, म्हणजे विंडोज सुरू होण्याआधीच्या सेटिंग्जमध्ये शिरताना पासवर्ड मागितला, तरीही तेच. दुसरी, कमांड प्रॉम्प्टमध्ये (विंडोजमध्ये आज्ञा टंकण्याच्या काळ्या चौकटीत) इंग्रजीत 'पॉवरसीएफजी', मग एक मोकळी जागा, तिरपी रेघ आणि 'बॅटरीरिपोर्ट' असे टंकावे. तयार होणाऱ्या अहवालात बॅटरीची मूळ क्षमता आणि आता भरणारी क्षमता शेजारीशेजारी दिसते. आताचा आकडा मूळच्या ६० टक्क्यांखाली असेल, तर नव्या बॅटरीची किंमत भावातून वजा करून मागावी.

घरी आणल्यावर

परत किंवा बदलून देण्याची मुदत अनेक ठिकाणी थोड्याच दिवसांची असते, त्यामुळे पहिल्याच दिवशी विंडोजच्या सगळ्या सुधारणा उतरवून घ्याव्यात आणि नंतरच यंत्राच्या वेगाविषयी मत बनवावे. नवा लॅपटॉप पहिले काही तास पडद्यामागे हेच काम करत असतो आणि उगीचच मंद भासतो. मग घरून निघताना केलेली यादी काढून तिच्यातले प्रत्येक काम एकदा प्रत्यक्ष करून पाहावे: अर्ज भरून पीडीएफ उतरवावी, अर्ध्या तासाचा व्हिडिओ कॉल करून समोरच्याला आवाज आणि चेहरा नीट पोहोचतो का ते विचारावे, घरातल्या प्रिंटरवर मराठी पत्र छापून पाहावे, आणि ज्या खोलीत लॅपटॉप वापरला जाणार आहे तिथपर्यंत वाय-फाय पोहोचते का, ते तपासावे, कारण काही स्वस्त यंत्रांत फक्त २.४ गिगाहर्ट्झचा पट्टा असतो आणि दाट वस्तीच्या इमारतीत तो शेजाऱ्यांच्या राउटरांनी भरलेला असतो. बॅटरीचा अहवाल नव्या यंत्रावरही त्याच दिवशी काढून बिलाच्या फोटोबरोबर ईमेलवर जपून ठेवावा. वर्षभराच्या आत बॅटरी उतरू लागली, तर सेवा केंद्रात दाखवायला तो उपयोगी पडतो.